लक्ष्मी रस्त्याच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र: रस्ता बंद करा, असं आता आपणच म्हणू या

प्रति,
लक्ष्मी रस्ता आणि आसपासच्या पेठांतले सर्व व्यापारी, पुणे

स. न. वि. वि.

११ डिसेंबर जवळ आला की आपल्या बाजारात एकच विषय असतो. महापालिकेने २०२१ मध्ये पादचारी दिन सुरू केला, आणि त्या दिवशी नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवायचा प्रघात पडला. रांगोळ्या निघतात, पोरं भर रस्त्यात खेळतात, भाषणं होतात, फोटो छापून येतात. दुसऱ्या दिवशी आपण हिशेब मांडून बसतो. गर्दी झाली खरी, पण गल्ल्यात काय पडलं? मग कुणीतरी म्हणतं, हे खूळ कायमचं झालं तर आपण काय शटर ओढून घरी बसायचं? सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय पुढच्या डिसेंबरपर्यंत संपतो.

मी या रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात अस्तर, फॉल, लेस आणि बटणं विकतो. माझ्या दारापर्यंत मोटार येऊच शकत नाही. तेव्हा ‘तुझं काय जातंय बोलायला’ असं तुम्ही म्हणणार, ते आधीच ऐकून घेतो. माझं जातं ते असं, की माझं गिऱ्हाईक तुमच्या दुकानातून येतं. बाई तुमच्याकडे साडी घेते, मग ब्लाउजपीस हातात धरून मॅचिंगच्या दुकानात शिरते, तिथून अस्तराला माझ्याकडे, मग लेस, मग तुळशीबागेत बांगड्या आणि गळ्यातलं. एका साडीमागे ती हा रस्ता पाच-सहा वेळा तरी ओलांडते. प्रत्येक वेळी दुचाक्यांच्या रांगेतून वाट काढायची, हात वर करायचा, हॉर्न ऐकायचा. सोबत सासूबाई किंवा लहान मूल असेल तर तिसऱ्या खेपेला ती म्हणते, ‘जाऊ दे, बाकीचं ऑनलाइन मागवू.’ हे वाक्य मी माझ्या काउंटरवर ऐकतो. तुमच्या काउंटरवर ते ऐकू येत नाही, कारण तुमची साडी तोवर विकली गेलेली असते. पण पुढच्या वेळची साडीसुद्धा ऑनलाइन जाते, हे तुम्हालाही जाणवत असणारच.

आपण ‘गाड्या’ म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. एक आपल्या दारात येणारी गाडी आणि दुसरी आपल्या दारावरून जाणारी गाडी. स्टेशन, कॅम्प, नाना पेठेकडून निघून डेक्कन किंवा कोथरूड गाठायला ज्याला लक्ष्मी रस्ता हा नुसता बोगदा म्हणून हवा आहे, तो माणूस आपल्याकडून रुमालसुद्धा घेत नाही. बेलबाग चौकात तो हॉर्न वाजवतो, विजय टॉकीजपाशी शिव्या घालतो आणि अलका चौकातून नदीपलीकडे निघून जातो. मधल्या वेळात त्याचा धूर तुमच्या पुतळ्यांवरच्या शालूंवर बसतो. या माणसासाठी आपण आजवर भांडत आलो आहोत. रस्ता बंद करू नका म्हणून निवेदनं दिली, तेव्हा मनात आपलं गिऱ्हाईक होतं, पण फायदा याचा झाला.

आता दारात येणाऱ्या गाडीचं बघू. वीस फुटांच्या दुकानासमोर मोटार उभी राहते एक. दुसरी राहत नाही. दिवसभरात त्या जागेवर किती गिऱ्हाइकांच्या मोटारी येऊन जात असतील? हा बाजार मोटारीवर कधी चालतच नव्हता, चालू शकणारही नाही, तेवढी जमीनच नाही. राहिल्या दुचाक्या. सम-विषम तारखांच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या आपण सगळे पाठ म्हणू शकतो. पण सकाळी दुकानं उघडायच्या वेळी ज्या दुचाक्या लागतात त्यातल्या कितीतरी रात्री कुलूप लावतानाच हलतात. त्या कुणाच्या आहेत हे मी कशाला सांगू? आपल्याच नोकरमंडळींच्या आहेत, काही आपल्या स्वतःच्या. गिऱ्हाईक चकरा मारून कंटाळून परत जातं, आणि आपण म्हणतो पार्किंगची सोय नाही.

दुकानदाराचा याबाबतचा अंदाज चुकतो, हे काही पुण्याचं वैशिष्ट्य नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात? उत्तर आलं ४१ टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं, तर निघाली २२ टक्के. आपल्याकडे असं कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि ब्रिस्टलचा आकडा उचलून इथे चिकटवावा असंही मी म्हणणार नाही. पण आपला अंदाज कशावर उभा आहे? मोटारीतून उतरणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं, कारण ते दारातच उतरतं आणि उतरताना मागे दहा जणांना अडवतं. रिक्षातून कोपऱ्यावर उतरलेली, बसने आलेली, मंडई स्थानकातून वर आलेली बाई आपल्याला फक्त आत शिरताना दिसते.

मेट्रोची गोष्ट आपण अजून नीट मनावर घेतलेली नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट पिंपरी-चिंचवडशी जोडली गेली. चिंचवडची मुलगी आता गाडीला हात न लावता तुळशीबागेत येते. ती येते पायांनी, आणि तिला पाय ठेवायला आपण जागा किती ठेवली आहे? पदपथावर पुतळे, पुतळ्यांपुढे दुचाक्या, दुचाक्यांपुढे रहदारी.

तरीही एक गोष्ट तुमच्या बाजूने ठासून सांगतो. ११ डिसेंबरचा सोहळा हा व्यापाराच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, आणि तुमचा राग रास्त आहे. वर्षातून एक दिवस रस्ता बंद केला की जत्राच होणार. लोक बघायला येतात, घ्यायला येत नाहीत. आणि ज्याला घ्यायचं असतं तो ‘आज तिकडे काहीतरी चाललंय’ म्हणून त्या दिवशी टाळतो. गणपतीत आपण हेच अनुभवतो. विसर्जनाची मिरवणूक मंडईपासून निघून याच रस्त्याने अलका चौकात जाते, लाखो लोक दारात उभे असतात आणि आपण शटर खाली ओढून फळीवर बसून ढोल ऐकतो. पालख्या येतात तेव्हा वारकऱ्यांना पाणी, चहा, बिस्किटं देतो, धंदा करत नाही. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? म्हणून त्या एका दिवसाच्या गल्ल्यावरून रोजच्या वाहनमुक्त रस्त्याचा हिशेब करणं चूक आहे. रोजचं असलं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. उरतो नुसता बाजार.

यात एक उपकथानक आहे, तेही सांगतो. असा विषय निघाला की कुणीतरी परदेशाची उदाहरणं देतं आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, ते युरोप आहे हो. मला दोन्हींचा कंटाळा आहे. पण या उदाहरणांतली दुकानदारांची बाजू सहसा कुणी सांगत नाही. कोपनहेगनमधली स्ट्रॉयेट ही बाजारपेठ १९६२ च्या नोव्हेंबरात प्रयोग म्हणून मोटारींना बंद केली, तेव्हा तिथले दुकानदार आपल्याइतकेच बिथरले होते. त्यांचं म्हणणं, आमच्या थंडीत रस्त्यावर कोण हिंडणार? १९६४ मध्ये बंदी कायम झाली आणि आज ती त्या शहराची मुख्य बाजारपेठ आहे. हे यशाचं उदाहरण सगळे देतात. अपयशाचं मी देतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावाने १९५९ मध्ये भर बाजारातला रस्ता पादचाऱ्यांना दिला. मग ती लाटच आली, दोनशेच्या आसपास गावांनी तसं केलं. बहुतेकांचं दिवाळं वाजलं. खुद्द कॅलमाझूने १९९८ मध्ये तो रस्ता गाड्यांना परत उघडला.

असं का झालं, ते आपल्या कामाचं आहे. तिथे बाजारात कुणी राहतच नव्हतं. लोक गावाबाहेर बंगल्यांत राहायला गेले होते, मॉल तिकडेच निघाले होते, आणि ओस पडत चाललेला बाजार वाचवायला त्यांनी शेवटचा उपाय म्हणून फरशा बसवल्या. आपल्याकडे दुकानाच्या डोक्यावर घर आहे. सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार, कसबा, सगळ्या पेठांत माणूस राहतो, दूध आणायला खाली उतरतो आणि येताना दोन वस्तू घेऊन जातो. अर्थात आपलीही माणसं कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, आता त्याही पलीकडे चालली आहेत. वाडे पडतात, इमारती होतात, खाली पार्किंग आणि वर गोदाम. पेठेत राहणं असह्य होण्यात या रहदारीचा वाटा केवढा आहे हे तिथल्या रहिवाशांना विचारा. कॅलमाझूची पाळी आपल्यावर रस्ता बंद केल्याने येणार नाही. आली तर पेठा रिकाम्या झाल्याने येईल.

स्पेनमधलं पोंतेवेद्रा हे ऐंशी हजारांच्या वस्तीचं गाव मला अधिक जवळचं वाटतं. १९९९ पासून त्यांनी जुन्या गावातून आरपार जाणारी रहदारी काढून टाकली आणि रस्त्यावरचं पार्किंग उठवलं. एवढ्यावर थांबले असते तर सांगितलं नसतं. त्यांनी मोठ्या मॉलना परवानग्याही नाकारल्या. म्हणजे दुकानदाराकडून रस्त्याची जागा घेतली आणि त्याच्या मुळावर येणारा मॉलही येऊ दिला नाही. आपण महापालिकेकडे जाऊन नुसतं ‘नको’ म्हणत राहिलो तर असा सौदा कधीच पदरात पडणार नाही. बेल्जियमच्या गेंट शहराने २०१७ मध्ये मध्यभागाभोवती सहा विभाग पाडले. कुठल्याही विभागात मोटारीने जाता येतं, पण एकातून दुसऱ्यात मधून घुसता येत नाही, बाहेरच्या वळसा रस्त्यानेच जावं लागतं. येणाऱ्याला मज्जाव नाही, ओलांडणाऱ्याला आहे. मघाशी मी दोन गाड्या वेगळ्या केल्या त्या यासाठी.

माथेरानचं उदाहरण मात्र मला देऊ नका. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून वर जाणारा माणूस सुट्टीवर असतो. आपल्याकडे येणाऱ्याला संध्याकाळी स्वयंपाक असतो.

खरा धडा दिल्लीत आहे. चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा-दीड किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ च्या सप्टेंबरात खुला केला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी, माल रात्री. काम देखणं झालं. पण अंमलबजावणी ढिली पडली, दुचाक्या आणि ई-रिक्षा आत घुसू लागल्या, आणि बंदी पाळली जात नाही म्हणून तिथले व्यापारीच तक्रारी करू लागले. नीट ऐका, बंदी आहे म्हणून तक्रार नाही, बंदी पाळत नाहीत म्हणून. फरशा बसवणं सोपं, रोज सकाळी ९ वाजता तिथे माणूस उभा करणं अवघड. आपली महापालिका फरशा बसवण्यात पटाईत आहे, तेव्हा ही काळजी आपणच केलेली बरी.

आता तुमच्या शंका. मालाची शंका सगळ्यात सोपी आहे. सुरतेचा माल आजही ट्रान्सपोर्टच्या गोदामातून छोट्या टेम्पोने येतो, आणि भर दुपारी टेम्पो लावून गठ्ठे उतरवताना हमालांची काय तारांबळ होते ते आपण रोज बघतो. सकाळी साडेनऊच्या आत आणि रात्री साडेनऊनंतर माल, हे ठरवून टाकलं तर हमालांचेही हाल कमी होतील. दुकान तासभर आधी उघडायला माणूस लागेल, हा खर्च आहे, तो मी नाकारत नाही.

बस्त्याची शंका अवघड आहे. दौंड, भोर, जुन्नरकडून पंधरा-वीस माणसं गाडी करून येतात, दिवसभर साड्या बघतात, संध्याकाळी गठ्ठे बांधून निघतात. लगीनसराईत अर्धं वर्ष यांच्यावर निघतं. पण त्यांची गाडी आजही आपल्या दारात दिवसभर उभी राहत नाहीच. ड्रायव्हर ती कुठेतरी नदीपात्रात नाहीतर मंडईच्या वाहनतळावर नेऊन लावतो, आणि संध्याकाळी फोनवर फोन करून ती परत आणायला तासभर जातो. हमालवाडा, बाबू गेनू, मिसाळ हे वाहनतळ आहेत. गठ्ठा दुकानातून वाहनतळावर पोच करायची सोय आपण सगळ्यांनी मिळून केली, दहा-पंधरा पोरं आणि हातगाड्या ठेवल्या, तर गिऱ्हाइकाने गठ्ठा उचलायचाच नाही. मॉलला हे जमणार नाही. तिथे ट्रॉली ज्याची त्यानेच ढकलायची असते.

सराफी पेढ्यांची शंका अशी, की दागिने घेऊन गिऱ्हाईक चालत कसं जाणार? मला वाटतं, दोन दुचाकीस्वार सुसाट येऊन गळ्यातलं ओढून नेतात ते गाड्यांच्या रस्त्यावर. तरीही पेढ्यांनी आपली अट घालावी: पोलीस चौकी, कॅमेरे, रोख रकमेच्या गाडीला वेळेची सूट. म्हाताऱ्या माणसांसाठी रिक्षा आडव्या रस्त्यांच्या चौकांपर्यंत येऊ द्यावी. पीएमपीने २०२१ मध्ये पेठांत दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ बससेवा काढली होती. तशा लहान बस थोड्या थोड्या वेळाने कडेच्या रस्त्यांवरून फिरल्या पाहिजेत, नाहीतर ज्येष्ठांची नावं पुढे करून हा प्रस्ताव पाडणाऱ्यांना आयतं कारण मिळेल. रुग्णवाहिका आणि बंब यांची वाट मोकळी राहण्यासाठी उचलता येणारे खांब लागतील. आज त्यांना कशी वाट मिळते हे आपण पाहतोच.

राहिली ती शंका, जी आपण बैठकीत बोलतो पण निवेदनात लिहीत नाही. गाड्या गेल्या की मोकळ्या रस्त्यावर पथारीवाले बसतील. होय, बसतील, आपण झोपलो तर. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात व्यापारी संघटनांनाही जागा आहे. कुठे बसायचं आणि कुठे नाही हे तिथे आधीच आखून घ्यावं लागेल. आणि एक स्पष्ट बोलतो: तुळशीबागेच्या छोट्या स्टॉलवर येणारी पोरगीच पुढे लग्नाच्या शालूला तुमच्याकडे येते. पथारीवाला आपला शत्रू आहे असं समजून आपण फार वर्षं वाया घालवली.

पेठेतल्या रहिवाशांचा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. लक्ष्मी रस्ता बंद झाला की गाड्या त्यांच्या गल्ल्यांत शिरणार. म्हणून एकच रस्ता बंद करून भागणार नाही. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या आरपार जाणाऱ्यांना बंद, रहिवाशांना पासवर खुल्या, असंच करावं लागेल. नाहीतर आपला धूर आपण शेजाऱ्याच्या ओसरीवर टाकल्यासारखं होईल, आणि पहिला मोर्चा त्यांचाच निघेल.

तर माझं मागणं असं आहे. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी पुढचा सोहळा जाहीर करण्याआधी आपणच लेखी प्रस्ताव द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि निर्बंध एका महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे महिन्याभराचा प्रयोग मागायला कुठलाही मोठा कायदेशीर अडथळा नाही. दिवाळीचा महिना नको, पितृपक्ष तर नकोच, नाहीतर मंदीचं खापर रस्त्यावर फुटेल. मधला, साधा महिना घ्यायचा. रांगोळ्या नकोत, स्टेज नको, स्पीकर नको. त्याऐवजी बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत. दिवस-दिवस खरेदी करणाऱ्या बायका ज्या बाजारात पाणी प्यायला घाबरतात त्या बाजाराने मॉलच्या नावाने बोटं मोडू नयेत. बसायला बाक आणि वर सावली हवी.

महिना संपला की आपला निकाल आपणच लावायचा. प्रत्येकाकडे विक्रीचा हिशेब असतो, मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी ताडून पाहता येईल. सण पुढे-मागे झाले असतील तर इंग्रजी महिना न धरता तिथीने बघा. विक्री पडली तर विरोधाच्या निवेदनावर पहिली सही मी करीन, आणि तेव्हा आपल्या हातात आकडे असतील. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारायच्या महापालिकेच्या २०१८ च्या धोरणाच्या वेळी शहरभर एवढा आरडाओरडा झाला, पण त्यात आकडे घेऊन बोलणारा व्यापारी मला तरी दिसला नाही.

तोवर एवढं करा. काउंटरवर एक वही ठेवा आणि आठवडाभर बिल करताना गिऱ्हाइकाला विचारा, कशाने आलात? मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, मेट्रो, पायी. सहा रकाने. साडीवाल्यांनी, सराफांनी, भांडीवाल्यांनी, सगळ्यांनी. वह्या एकत्र करायला माझं दुकान आहे, बसायला जागा कमी आहे पण चहा मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बोळातला एक अस्तरवाला

ता. क. नोकरमंडळींच्या दुचाक्यांचं काय, असं कालच एकाने विचारलं. वाहनतळावर त्यांच्यासाठी मासिक पास काढून मिळावेत आणि पैसे आपण भरावेत. पगारातून कापू नयेत.